काटे, सुया आणि वहिनी

माझी वहिनी काय काम करते असं कुणी विचारलं, की मी म्हणते, "काटे तपासते."  माशाचे, गुलाबाचे की घड्याळाचे, हा प्रश्न समोरच्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. वहिनी वजनाचे काटे तपासते. दुकानांतले, गोदामांतले, टपाल कचेरीतले, दवाखान्यांतले. तिच्याकडे एक लाकडी पेटी आहे. आत मखमलीचे खळगे आणि त्यांत बसवलेली पितळी वजनं, एका ग्रॅमपासून पाच किलोपर्यंत. त्या वजनांना ती नुसत्या हाताने शिवत नाही, पांढरे सुती हातमोजे घालूनच उचलते. बोटांचा घाम लागला तरी वजन बदलतं म्हणे. पेटी भरते अकरा किलो आणि माझी भाची भरते तेरा किलो. दोघींना उचलून ज्या बाईने चालती बस पकडलेली आहे, तिला मी भूमितीच्या शिक्षिकेने काय शिकवावं?

भाची तीन वर्षांची. एका जागी उभी राहिली तरी स्वतःभोवती गोल फिरत राहते, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. दादा, म्हणजे माझा भाऊ, बेकरीत भट्टीवर असतो. पहाटे निघतो, दुपारी येतो, जेवतो आणि ओंडक्यासारखा झोपतो. बाबांनी चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. निवृत्त झाले, पण सवय निवृत्त झाली नाही. अजूनही वर्तमानपत्र वाचताना हातात लाल पेन्सिल असते आणि माणसांशी बोलतानाही ती असल्यासारखीच वाटते. आई गेल्यापासून घराबाहेर त्यांची मजल प्रार्थनागृहापर्यंत, फार तर कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत. मी मागच्या खोलीत राहते. लग्न केलेलं नाही, त्यामुळे नणंद म्हणून माझी नेमणूक कायमची आहे.

महिन्यातून दोनदा वहिनीचा दोन-चार दिवसांचा दौरा असतो. दौरा जवळ आला की ती मला "वन्सं" म्हणायला लागते. एरवी नुसतं "अगं" असतं. वन्सं ऐकलं की मी ओळखते, शाळेतून लवकर येऊन भिंगरीला सांभाळायचं आहे.

विणकाम ती भिंगरीच्या वेळी शिकली. डॉक्टरांनी दोन महिने पडून राहायला सांगितलं होतं. वहिनीला पडून राहा म्हणणं म्हणजे वाऱ्याला जरा बस म्हणण्यासारखं. शेजारच्या काकूंनी दोन सुया आणि लोकरीचा गुंडा आणून दिला, सुलट टाका शिकवला, उलट टाका शिकवला, आणि त्या दिवसापासून वहिनीचे हात कधी रिकामे दिसले नाहीत. बसमध्ये विणते, रांगेत विणते, फोन मानेत धरून विणते. ही हकीकत घडली तेव्हा सुयांवर दादाचं बिनबाह्यांचं स्वेटर होतं. ते दोन वर्षं चाललेलं होतं, कारण मध्ये कुणाचं ना कुणाचं बाळ जन्माला यायचं आणि टोपडं आधी लागायचं. दादा म्हणायचा, "मी आधीच जन्मलो, ही माझी चूक."

आणि वहिनीची देवावर श्रद्धा आहे. गाजावाजा नाही. घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तशी ती देवाशी बोलते, कामापुरतं, पण रोज. बस चुकली तर त्याच्याशी भांडतेसुद्धा.

भानगड झाली ती इथेच.

आमच्याकडे संध्याकाळी सात वाजता पाव तास प्रार्थना असते. बाबांचा नियम. सगळ्यांनी बसायचं, आधी ठरलेले शब्द म्हणायचे, मग गप्प राहायचं. रविवारी सकाळी हेच प्रार्थनागृहात, तासभर. वहिनी दोन्हीकडे यायची, पण सुया घेऊन. शब्द म्हणताना ओठ हलायचे आणि सुया खाली टिकटिकायच्या. घरात बाबांनी ते कसंबसं सोसलं. एका रविवारी मात्र लोकरीचा गुंडा तिच्या मांडीवरून सुटला आणि सगळे डोळे मिटून बसलेले असताना चार ओळींच्या पायांमधून घरंगळत थेट पुढे गेला. भिंगरीने तो पाहिला आणि भर शांततेत ओरडली, "आई, पळाला!"

 घरी आल्यावर बाबांनी दारात चपला काढल्या आणि ते म्हणाले, "देवासमोर बसायचं तर हात मोकळे हवेत."

वहिनी म्हणाली, "बाबा, हात मोकळे ठेवले तर माझे डोळे मिटतात."

"मिटायलाच हवेत."

"तसे नाही हो. झोप लागते."

"मनावर घेतलं तर लागत नाही. तू एकावेळी चार दगडांवर पाय ठेवतेस. नोकरी, मूल, फिरती, हे विणकाम. आणि उरलेला वेळ देवाला. उरलेला, सूनबाई!"

हे जरा लागण्यासारखं होतं. वहिनीच्या तोंडावर आलेलं उत्तर मला दिसलं आणि तिने ते गिळलं तेही दिसलं. ती म्हणाली, "बरं. एक महिना सुया बाजूला. प्रार्थनेला मोकळ्या हातांनी बसते. मग बघू."

महिनाभर ती शब्दाला जागली. स्वतः मात्र जागी राहिली नाही. घरी सात वाजून पाच मिनिटांनी तिची मान डुलायला लागायची. दुसऱ्या रविवारी प्रार्थनागृहात तिने बाबांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि चक्क घोरायला लागली. बारीक नाही, चांगलं सणसणीत. बाबा ताठ बसून राहिले. हलले असते तर ती पडली असती. त्यांचे कान लाल झाले होते, पण खांदा त्यांनी तासभर जराही खाली केला नाही. निघताना प्रार्थना चालवणाऱ्या मोठ्या बाई हसून म्हणाल्या, "चला, आमच्याकडे कुणाला तरी विसावा मिळाला." वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी ती माझ्या खोलीत येऊन बसली. म्हणाली, "खरं सांगू? सुया असताना मी जागी असते, पण मन टाके मोजत असतं. सुया नसताना झोपते. म्हणजे मी देवासमोर बसते कधी? बाबा उगाच बोलत नाहीत गं."

 

महिना संपायला आठवडा राहिला असताना डोंगरातल्या एका गावचा दौरा आला. पाच तासांचा बसप्रवास. आणि नेमकी मी तापाने आडवी झाले. दादाला बेकरीतून सुटी मिळेना. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्ही झोपा. भिंगरीला घेऊन जाते." पाठीवर कपड्यांची पिशवी, एका हातात पेटी, दुसऱ्या हातात भिंगरी, गळ्यात लोकरीची थैली. बाबा कधी नव्हे ते बसपर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर म्हणाले, "ही बाई आहे की मालगाडी?" पण आवाजात नेहमीची लाल पेन्सिल नव्हती.

तिथे काय झालं ते मला वहिनीनेच सांगितलं, एकदा नाही, निदान चार वेळा.

पहिल्या दिवशी तिने टपाल कचेरी आणि दोन गोदामं उरकली. दुसऱ्या दिवशी दवाखाना. तिथे कमी वजनाच्या नवजात बाळांचा एक लहानसा वॉर्ड होता, सहा पाळण्यांचा. खिडक्यांना हिरवे पडदे, भिंतीला टेकून बाळांना तोलायचा काटा. वॉर्ड सांभाळणाऱ्या मोठ्या सिस्टर उंच, करड्या आवाजाच्या. त्या म्हणाल्या, "लवकर आटपा, अकरा वाजता वजनं घ्यायची असतात." भिंगरी दारातल्या बाकावर बसून पाय हलवत होती.

वहिनीने हातमोजे चढवले आणि दोन किलोचं वजन काट्यावर ठेवलं. काट्याने दोन किलो एकशे चाळीस ग्रॅम दाखवले.

तिने वजन उचललं, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. तेच. एक किलो ठेवलं, तेही जास्त. मग तिने विचारलं, "सिस्टर, रोजच्या वजनांची वही बघू?" वहीत दिसत होतं, गेल्या दहा दिवसांत सगळीच्या सगळी बाळं छान वाढत होती. एकसारखी, एका तालात. बाळं अशी एका तालात वाढत नाहीत. आतला वजन जोखणारा भाग बिघडत चालला होता आणि काटा रोज थोडा थोडा जास्त दाखवत होता.

सिस्टरांचा चेहरा उतरला. त्या ताबडतोब डॉक्टरांना बोलवायला गेल्या. पण नवा भाग खालच्या शहरातून दुसऱ्या दिवशीच्या बसने येणार, तोवर बाळांना तोलायचं कशावर? वहिनी तडक दवाखान्याच्या स्वयंपाकघरात गेली. तिथे पिठाचा काटा होता. तिने तो पितळी वजनांनी तपासला, अगदी चोख निघाला. आचारी म्हणाला, "बाई, यावर मी बटाटे तोलतो." वहिनी म्हणाली, "आज माणसं तोला." काटा धुऊन पुसून वर आणला, त्यावर मऊ घडी घातली आणि सहाही बाळं एकामागोमाग त्यावर निजली. भिंगरीने हट्ट धरला म्हणून शेवटी तिलाही बसवलं. तेरा किलो दोनशे. "ही बटाट्याची गोण," आचारी म्हणाला, आणि त्या अवघड सकाळी सगळे एकदाचे हसले.

सगळे म्हणजे एक सोडून. खिडकीजवळच्या पाळण्यातल्या बाळाची आई. वीस-एकवीस वर्षांची असेल. बाळाचं वजन दोन किलोच्या वर गेलं म्हणून तिला त्याच दुपारी घरी सोडणार होते. पिशवी भरून तयार होती. बाळाला घरचं झबलं घातलेलं होतं. खऱ्या काट्यावर बाळ भरलं एक किलो आठशे नव्वद. डॉक्टर समजुतीने म्हणाले, "अजून आठ-दहा दिवस थांबावं लागेल." तिने मान डोलावली. डॉक्टर गेल्यावर तिने झबलं काढलं, घडी करून पिशवीत ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

वहिनी म्हणते, "मी आयुष्यात हजारो काटे बरोबर केले असतील. पण त्या दिवशी मला वाटलं, मी त्या पोरीच्या घराची वाट अडवून उभी आहे."

काम तर संपलं होतं, नवा भाग येईपर्यंत थांबणं भाग होतं. दुपारी भिंगरी बाकावर झोपली तेव्हा वहिनी त्या आईजवळ जाऊन बसली. थैलीतून दादाचं स्वेटर काढलं आणि विणायला लागली. दोन-तीन ओळी झाल्या असतील. ती पोरगी न वळताच म्हणाली, "तुमच्याच त्या काट्यामुळे माझं जाणं रद्द झालं ना?"

"हो," वहिनी म्हणाली. "माझ्यामुळेच."

 मग ती वळली. डोळे सुजलेले. म्हणाली, "घरी गेले असते आणि तिथे याला काही झालं असतं तर?"

"तर मला आयुष्यभर झोप लागली नसती."

"मला तर आत्ताही लागत नाही," ती म्हणाली. मग तिने स्वेटरकडे बोट दाखवलं. "सुईखाली चौथ्या ओळीत टाका सुटलाय तुमचा."

वहिनीने पाहिलं. सुटला होता खरा. एकटा लोंबत होता. "तुला येतं?"

"माझी मावशी लोकरीच्या दुकानात आहे. लहानपणापासून येतं." तिने बाळाकडे पाहिलं, मग सुयांकडे. "जरा याला धरता? मी टाका उचलून देते."

असं ते घडलं. वहिनीच्या हातांत एक किलो आठशे नव्वद ग्रॅमचं बाळ आलं आणि तिच्या सुया त्या पोरीच्या हातांत गेल्या.  पोरीने टाका उचलला, पुढची ओळ घेतली, तिच्या पुढचीही घेतली. ती विणतच राहिली. जरा वेळाने खाली मान घालूनच म्हणाली, "तुम्ही प्रार्थना वगैरे करता का? मला नाही येत. याच्यासाठी म्हणाल?"

वहिनीने तोंड उघडलं आणि तिला शब्द आठवेनात. लहानपणापासून रोज म्हटलेले शब्द. पहिली ओळ आली, दुसरी गायब. "हातात जीव आहे म्हणून असेल," ती मला म्हणाली, "पण पाटी अगदी कोरी झाली." तिने त्या पोरीला तसं सांगूनही टाकलं, "विसरले गं."

"मग आपलं असंच काहीतरी म्हणा."

वहिनीने असंच काहीतरी म्हटलं. हे बाळ लहान आहे, याला वाढू दे. याच्या आईला झोप दे. काटे खरे राहू देत. एवढंच. आणि मग ती गप्प बसली. छातीवर बाळाचा श्वास, पलीकडे सुयांचा आवाज. डुलकी आली नाही, मन टाके मोजायला धावलं नाही. किती वेळ गेला ते तिला सांगता येत नाही. भिंगरी उठून "आई, शू!" म्हणाली तेव्हा ती भानावर आली.

दुसऱ्या दिवशी भाग आला, काटा बरोबर झाला, मोठ्या सिस्टरांनी स्वतः तीनदा वजन ठेवून खात्री करून घेतली आणि मायलेकी संध्याकाळच्या बसने घरी आल्या. दादाच्या स्वेटरची चार बोटं लांबी वाढलेली होती. त्या पोरीची वीण वहिनीपेक्षा घट्ट, त्यामुळे मध्येच एक आवळ पट्टा आला होता. मी म्हटलं, "उसवून पुन्हा विणणार?" वहिनी म्हणाली, "वेडी की काय!" पुढे ते स्वेटर पुरं झालं. दादा घालतो. पोटावर जरा करकचतं, पण तो म्हणतो त्यामुळे पाव कमी खाल्ले जातात.

बाबांना तिने सगळी हकीकत जेवताना सांगितली. शब्द विसरल्याचंही सांगितलं, न लपवता. मला वाटलं, आता पेन्सिल निघणार. बाबांनी घास हातातच धरला होता. ते म्हणाले, "तुझी सासू गेली त्या दिवशी मलाही एक ओळ आठवली नव्हती. कुणाला बोललो नाही इतकी वर्षं." मग घास तोंडात घातला आणि पाणी मागितलं.

महिना संपला. वहिनीने विचारलं, "बाबा, आता सुयांचं काय करू?" बाबा म्हणाले, "मला काय विचारतेस? तुझं तू बघ." आता ती कधी सुया घेऊन बसते, कधी नुसती. कधी झोपते. बाबा डोळे मिटून घेतात, त्यामुळे त्यांना काही दिसत नाही. ऐकू मात्र येत असावं, कारण एकदा सुया थांबल्या तेव्हा त्यांनी एक डोळा उघडून पाहिलेलं मी पाहिलं. अर्थात तेव्हा माझाही एक डोळा उघडा होता.

तीन आठवड्यांनी वहिनीला फोन आला. बाळ घरी गेलं होतं, आता तपासणीत दोन किलो चारशे भरलं होतं. "खऱ्या काट्यावर," ती पोरगी दोनदा म्हणाली.

त्यानंतरच्या दौऱ्याच्या आदल्या दिवशी वहिनीने तोंड उघडून "वन्सं" म्हटलं आणि मी शाळेतल्या परीक्षांचं तुणतुणं लावलं. खोटं नव्हतं ते. बाबा खिडकीशी बसले होते. म्हणाले, "कुठे जायचंय?"

"नदीपलीकडच्या गावाला. दोन दिवस."

"खोलीला खिडकी असते का तिथे?"

"असते बहुतेक. का हो?"

"मला बंद खोलीत झोप येत नाही." बाबा उठले आणि माळ्यावरून आपली जुनी कातडी बॅग काढायला लागले. अकरा वर्षांत ती खाली आली नव्हती. वरून एवढी धूळ पडली की दोघंही शिंकत सुटले. वहिनी म्हणाली, "बाबा, भिंगरीला सांभाळणं सोपं नाही. बसमध्ये ती एका जागी बसत नाही."

"मी कुठे बसणार आहे? मलाही बाहेर बघायचंय."

सकाळी मी तिघांना बसपर्यंत सोडायला गेले. पेटी बाबांनी उचलायचा प्रयत्न केला, दोन पावलं गेले आणि मुकाट्याने वहिनीच्या हातात दिली. बदल्यात भिंगरीला घेतलं. तीही काही हलकी नव्हे, पण तसं कबूल करायला ते तयार नव्हते. बसमध्ये चढल्यावर त्यांनी खिडकीची जागा मागितली, भिंगरीनेही तीच मागितली, आणि आजोबा-नात दोघंही हटेनात. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, तुम्ही मोठे ना?" बाबा म्हणाले, "ती आत्ताच एकदा जाऊन आली आहे. माझी पाळी आहे."

बस सुटली तेव्हा खिडकीत दोन डोकी दिसत होती, एक पांढरं आणि एक काळं कुरळं, आणि त्यांच्या मागे वहिनी. ती थैलीत हात घालून काहीतरी शोधत होती. मी हात हलवला. तिघांपैकी एकाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.